वॉरंट निघालंय म्हणतात, पण खरं काय ते कुठे बघायचं आणि रद्द कसं करून घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, नोकरीमुळे मुक्काम पुण्यात, भाड्याच्या घरात. काही वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं, लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, सिक्युरिटी म्हणून दिलेले चेक कंपनीने टाकले आणि ते परत गेले. पुढे तडजोड झाली, पैसे भरले, ‘काही येणे नाही’ असं पत्रही हातात आहे. आता गावाकडच्या घरी पोलीस येऊन भावाला सांगून गेले, ‘तुमच्या भावाच्या नावाने वॉरंट आहे, त्यांना स्टेशनला पाठवा.’ समन्स आजवर मिळालेलं नाही. वॉरंट खरं आहे का हे कसं पाहायचं? पोलीस स्टेशनला जायचं का? वकिलावर काम भागेल का? आणि पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी परदेशी जायचंय, तर विमानतळावर अडवतील का?

फौजदारी कोर्टात वकिली करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. चेकच्या केसेसमध्ये तर असे पक्षकार सतत येतात आणि त्यातले बरेच जण उशिरा येतात, कारण मधल्या काळात ते चुकीच्या दारात उभे असतात. कुणी पोलीस स्टेशनला खेटे घालतो, कुणी कंपनीच्या वसुलीवाल्याला फोन करत बसतो, कुणी ‘जुनं झालं की आपोआप संपतं’ म्हणून गप्प राहतो. वॉरंट ज्या कोर्टाने काढलं तेच कोर्ट ते रद्द करतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७०(२) मध्ये हे स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२(२) मध्येही तेच आहे: काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत राहतं. त्याला मुदत नाही. चार वर्षांपूर्वीचं वॉरंटही आज दारात येऊ शकतं.

तुमच्याकडचं ‘येणे नाही’ पत्र चांगलंच आहे, जपून ठेवा. पण त्याने वॉरंट संपलेलं नाही. अशा कंपन्यांमध्ये वसुली खातं वेगळं, कायदा खातं वेगळं आणि कोर्टात उभा राहणारा वकील तिसऱ्याच ठिकाणचा. पैसे आले म्हणून वसुली खात्याने फाइल बंद केली, तरी कोर्टातली तक्रार कुणी काढून घेतलेली नसते. त्या वकिलाला तडजोडीचा पत्ताच नसतो. तो तारखेला उभा राहतो, ‘आरोपी गैरहजर, वॉरंट काढावं’ असा अर्ज देतो आणि कोर्ट तो मंजूर करतं. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

आता बघायचं कुठे ते. भावाला सांगून त्या पोलीस स्टेशनमध्ये समन्स-वॉरंटचं काम पाहणाऱ्या अंमलदाराकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कोर्टाचं पूर्ण नाव, केस नंबर आणि पुढची तारीख. एवढं बहुतेक वेळा फोनवरही सांगतात. चेकच्या केसचा नंबर मुंबईबाहेरच्या न्यायदंडाधिकारी कोर्टात साधारणपणे ‘एस.सी.सी.’ म्हणजे समरी क्रिमिनल केस असा असतो, पोलीस तपासातून दोषारोपपत्र आलेल्या केसला ‘आर.सी.सी.’ लागतं. नुसत्या या अक्षरांवरून अर्धं कळतं.

सातारचे पोलीस आले म्हणून केस साताऱ्यातच आहे असं मात्र धरून चालू नका. चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात भरण्यासाठी दिला असेल, तर ज्या शाखेत चेक घेणाऱ्याचं खातं आहे त्या हद्दीच्या कोर्टात केस चालते. फायनान्स कंपनीचं खातं मुंबईत असेल तर केस मुंबईत, पुण्यात असेल तर पुण्यात. दिल्ली किंवा चेन्नईही असू शकते. तिथलं कोर्ट तुमच्या कर्जाच्या कागदावरच्या पत्त्यावर वॉरंट पाठवतं आणि तुमच्या गावचं ठाणं ते फक्त बजावायला येतं. वॉरंटची बजावणी भारतात कुठेही होऊ शकते.

केस नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर जा. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडून केस नंबर टाका. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सी.एन.आर. नंबर असतो, महाराष्ट्रातला ‘एम.एच.’ने सुरू होतो. तो एकदा उतरवून ठेवला की पुन्हा काही शोधावं लागत नाही. नंबर अजिबात मिळाला नाही तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण त्यात वर्ष द्यावं लागतं आणि नाव इंग्रजी अक्षरांत. इथे बरेच जण फसतात. कोर्टाच्या कारकुनाने तक्रारीवरून जे स्पेलिंग टाइप केलं तेच चालतं. ‘जाधव’मध्ये शेवटी डब्ल्यू की व्ही, ‘शिंदे’त शेवटी ई आहे का, नाव आधी की आडनाव आधी, असे सगळे प्रकार करून बघा. फक्त आडनाव टाकून, फिर्यादीच्या रकान्यात कंपनीचं नाव दिसतंय का हे डोळ्यांनी चाळणं बऱ्याचदा लवकर फळतं. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ दोन्ही बघा. निकाली निघालेल्या केसमध्येही, म्हणजे शिक्षा लागल्यावर दंड न भरलेल्यांवर, वॉरंट असू शकतं.

केस उघडली की खाली तारखांचा तक्ता दिसतो: सुनावणीची तारीख, पुढची तारीख आणि कामाचा हेतू. हेतूच्या रकान्यात ‘समन्स’, मग दोन-तीन तारखांनी ‘बी.डब्ल्यू.’, आणि त्यानंतर ‘एन.बी.डब्ल्यू.’ किंवा ‘एन.बी.डब्ल्यू. अनरेडी’ असं दिसलं तर भावाने सांगितलं ते खरं आहे. बी.डब्ल्यू. म्हणजे जामीनपात्र वॉरंट, एन.बी.डब्ल्यू. म्हणजे अजामीनपात्र, आणि अनरेडी म्हणजे आरोपी हजर नसल्याने केस पुढे सरकत नाही. तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. ते नक्की वाचा. तिथे ‘रिपोर्ट प्राप्त नाही, पुन्हा वॉरंट काढावे’ असं असेल तर वॉरंट नव्याने निघालेलं आहे.

तरीही संकेतस्थळावरच्या नोंदीवर सगळा भार टाकू नका. नोंद मागे पडलेली असते, कधी हेतू चुकीचा टाकलेला असतो. शिवाय आरोपी फार काळ सापडलाच नाही तर केस ‘डॉर्मंट फाइल’ला जाते. मग तिला नियमित तारखा पडत नाहीत आणि बघणाऱ्याला वाटतं, केस बंद झाली. वॉरंट मात्र तसंच असतं. खरी माहिती रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत असते. तुमच्या वकिलाने वकीलपत्र देऊन फाइल पाहावी आणि रोजनाम्याची व समन्सच्या अहवालाची नक्कल काढावी. थोडे पैसे आणि एक-दोन फेऱ्या जातात, पण पुढचा सगळा युक्तिवाद त्या कागदांवर उभा राहतो.

याचं कारण सांगतो. ‘मला समन्स मिळालंच नाही’ हे प्रत्येक आरोपी म्हणतो, आणि न्यायाधीश ते रोज ऐकतात. पण फाइलमधल्या अहवालावर काय लिहिलंय? स्पीड पोस्टाचा लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा परत आला असेल, तर चेकच्या कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे कोर्ट ते बजावलं असं मानू शकतं. समन्स भावाने सही करून घेतलं असेल तर प्रश्न जरा मजेदार होतो. जुन्या संहितेच्या कलम ६४ प्रमाणे आरोपी सापडला नाही तर त्याच्या ‘सोबत राहणाऱ्या’ प्रौढ पुरुष सदस्याकडे समन्स देता येत होतं. नव्या कायद्यात ‘पुरुष’ शब्द गेला, घरातली कोणतीही प्रौढ व्यक्ती चालते, पण ‘सोबत राहणारी’ ही अट कायम आहे. तुम्ही पुण्यात, भाऊ गावात. तुमचा नोंदणीकृत भाडेकरार त्या काळातला असेल तर भावाला दिलेलं समन्स तुम्हाला मिळालं असं म्हणता येत नाही, हा मुद्दा नेमका आणि कागदाने सिद्ध होणारा आहे. नुसत्या ‘मिळालं नाही’पेक्षा याला वजन फार जास्त.

वॉरंट कोणत्या जातीचं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. जामीनपात्र वॉरंटवर कोर्टाने रक्कम, जामीनदारांची संख्या आणि हजर राहायची तारीख लिहिलेली असते. तेवढा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या हमीचा बॉण्ड, आणि जामीन दिला की पोलिसांनी सोडायचंच असतं. त्यांनी तुम्हाला कोठडीत घालण्याचा प्रश्न येत नाही. असं वॉरंट असेल तर पोलीस स्टेशनला जाऊन बॉण्ड देऊन यायला हरकत नाही, फक्त त्या तारखेला कोर्टात उभं राहिलंच पाहिजे.

अजामीनपात्र असेल तर पोलीस स्टेशनला आपणहून जाऊ नका. यात पोलिसांबद्दल वाईट हेतूचा आरोप नाही. त्यांच्या हातात कोर्टाचा हुकूम आहे, अटक करून हजर करा असा. तुम्ही कंपनीचं पत्र दाखवलंत, गयावया केलीत, तरी त्यांना वॉरंट रद्द करण्याचा अधिकार नाही. एखादा अंमलदार ‘सोमवारी कोर्टात जाऊन या’ म्हणून सोडेलही, पण ती त्याची मेहेरबानी. आणि शनिवारी संध्याकाळी गेलात तर रविवारी सुट्टीच्या कोर्टासमोर उभे राहाल, जिथे तुमच्या केसची फाइल नसते. फाइल नाही म्हणून तिथले न्यायाधीश हात आखडता घेतात.

म्हणून सरळ कोर्ट गाठा, आणि पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तारीख दोन महिन्यांनी असली तरी मधल्या कोणत्याही कामाच्या दिवशी फाइल बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामात, घेण्याचा अर्ज आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज सोबत देता येतो. दुसरा आणि चौथा शनिवार टाळा, न्यायाधीश रजेवर नाहीत ना हे आदल्या दिवशी वकिलाकरवी विचारून घ्या. चार्ज दुसऱ्या कोर्टाकडे असेल तर काही ठिकाणी तेही चालतं, पण मूळ न्यायाधीश असलेले बरे.

त्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात सिनेमातलं कोर्ट असतं. अकराच्या आधी पोचायचं. वकील कारकुनाकडे अर्ज देतो. अर्जावर कोर्ट फीचं तिकीट, खाली तुमची सही, मागे भाडेकरार आणि कंपनीच्या पत्राची प्रत. कारकून फाइल शोधतो. जुनी असेल तर कपाटातून, डॉर्मंट असेल तर रेकॉर्डमधून, आणि यातच तास-दीड तास जातो. पुकारा झाला की तुम्ही आरोपीच्या जागी उभं राहायचं, मोबाईल बंद, हात खिशात नाहीत. न्यायाधीश अर्ज वाचतात आणि बहुधा दोनच प्रश्न विचारतात: ‘इतके दिवस कुठे होता?’ आणि ‘पुढच्या तारखेला येणार का?’ पहिल्याचं उत्तर दोन वाक्यांत द्या, कर्जाची कहाणी सांगू नका. फिर्यादीचा वकील हजर असेल तर अर्जावर त्याचं म्हणणं घेतात. तो ‘तीव्र विरोध आहे’ असं लिहितो, ते मनावर घ्यायचं कारण नाही, ते बहुतेक सगळ्याच अर्जांवर लिहिलेलं असतं. मग अर्जाखालीच हुकूम होतो: वॉरंट रद्द, अमुक रुपये खर्च भरण्याच्या अटीवर. ही रक्कम किती हे केस किती लांबली आणि न्यायाधीशांना तुमचं कारण कितपत पटलं यावर आहे. नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्याकडे, पैसे भरून पावती फाइलला लावली की तो भाग संपला.

तुमची ही पहिलीच हजेरी, म्हणून त्याच दिवशी जामीनही घ्यावा लागेल. चेकचा गुन्हा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघालं म्हणून गुन्हा अजामीनपात्र होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत अगदी शिकलेली माणसंही करतात. जामीनदार सोबतच न्या: शेतकरी असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ, नोकरदार असेल तर पगारपत्रक व ओळखपत्र, शिवाय आधार, रेशनकार्ड, फोटो. जामीनदार मिळत नसेल तर रोख जामिनाचा अर्ज द्यायचा, त्यासाठी पैसे जवळ हवेत.

हे चित्र ज्याने आधी जामीन घेतलाय आणि मग तारखा बुडवल्या त्याला लागू होत नाही. त्याचा बॉण्ड जप्त होऊ शकतो, जामीनदाराला नोटीस निघते, आणि गुन्हा जामीनपात्र असला तरी अटी मोडलेल्या माणसाला पुन्हा जामीन नाकारण्याची मुभा कोर्टाला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय न येणं हा वेगळा गुन्हाही आहे, एक वर्षापर्यंत शिक्षेचा. अशा माणसाने हॉस्पिटलचे कागद, बदलीचा आदेश असं काहीतरी ठोस घेऊनच उभं राहावं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, मी न जाता वकिलावर भागेल का. कायद्यात आरोपीने हजर राहिलंच पाहिजे असं कलम ७०(२) म्हणत नाही. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांबाबत सांगितलंय की वॉरंटची बजावणी होण्याआधी आरोपीच्या वतीने अर्ज आला आणि पुढच्या तारखेला जातीने हजर राहण्याची हमी दिली, तर हजेरीचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द करता येतं किंवा जामीनपात्र वॉरंटमध्ये, समन्समध्ये बदलता येतं. ते निर्देश मुळात तपासात अटक न झालेल्या, सहकार्य केलेल्या आरोपींसाठी आहेत, पण त्यामागचा विचार चेकच्या केसमध्येही मांडता येतो. २०२४ च्या शरीफ अहमद निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की अजामीनपात्र वॉरंट सरधोपटपणे काढू नये, आणि जामीन मिळण्याआधी गैरहजेरीची सूट देताच येत नाही हे खरं नाही. आधी समन्स, मग जामीनपात्र, मग अजामीनपात्र ही पायरी तर २००७ च्या इंदर मोहन गोस्वामी निकालापासून ठरलेली आहे. तुमच्या रोजनाम्यात समन्सवरून थेट एन.बी.डब्ल्यू.वर उडी दिसली तर तो मुद्दा अर्जात पहिल्या परिच्छेदात घ्या.

हे सगळं खरं असलं, तरी तालुक्याच्या कोर्टात अजूनही ‘आधी आरोपी आणा’ हेच ऐकायला मिळतं. सातारा पुण्याहून सकाळी निघून अकराच्या आत पोचण्याच्या अंतरावर आहे. केस तिथे असेल तर निकालांचा गठ्ठा दाखवण्यापेक्षा स्वतः उभं राहणं स्वस्त आणि खात्रीचं. वरचे निकाल मी जपून ठेवतो ते परदेशात असलेल्यांसाठी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, किंवा केस चेन्नईला आहे अशांसाठी. मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळलाच तर सत्र न्यायालय आणि पुढे उच्च न्यायालय आहे. सातारकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं.

अर्जात कलम कोणतं घालायचं यावर तरुण वकिलांचा गोंधळ होतो म्हणून जाता जाता: १ जुलै २०२४ च्या आधी सुरू झालेली केस जुन्या संहितेप्रमाणेच पुढे चालते, तिथे ७०(२). त्यानंतरची असेल तर ७२(२). चुकलं तरी अर्ज फेटाळत नाहीत, पण कारकून परत पाठवून वेळ खातो.

वॉरंट रद्द झालं की लोक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. तिथेच धोका आहे. १५ ऑगस्ट २००२ रोजी मुंबईत एका वकिलांनाच अटक झाली. त्यांच्या वॉरंटचा निकाल कोर्टाने तीन दिवस आधी लावला होता, ते रद्द झालं होतं, पण रद्दीचा हुकूम पोलिसांकडे पोचलेला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०११ च्या निकालात न्यायालयाने नियमच घालून दिले. वॉरंट क्रमांकित छापील नमुन्यात असावं, न्यायाधीशांची पूर्ण व वाचता येईल अशी सही, नाव आणि शिक्का असावा, कोर्टात आणि ठाण्यात नोंदवही असावी, रद्द झाल्यास हुकमाची प्रत बजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावी आणि एक प्रत आरोपीलाही द्यावी. तेव्हा रद्दीच्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा. पोलीस स्टेशनच्या नावाचं पत्र टपालाने जाण्याऐवजी हस्तपोच मिळावं असा एका ओळीचा अर्ज द्या, ते स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. वॉरंट बजावणीविना कोर्टाकडे परत गेलं का हे आठवड्याने विचारा. नक्कलेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, भावालाही पाठवा, कारण पोलीस आले तर त्याच्याच दारात येणार.

अर्ज व्हायच्या आधीच पुण्यात अटक झाली तर? वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर साधारणपणे तुम्हाला जवळच्या म्हणजे पुण्यातल्याच मॅजिस्ट्रेटपुढे नेतात. गुन्हा जामीनपात्र असेल आणि तुम्ही जामीन द्यायला तयार असाल तर त्यांनी तो घेऊन बॉण्ड मूळ कोर्टाकडे पाठवायचा असतो. जुन्या संहितेत हे कलम ८१ होतं, नव्यात ८३. फार कमी लोकांना, आणि खरं सांगायचं तर काही वकिलांनाही, याची आठवण असते. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे नेणं, वॉरंट दाखवणं, घरच्यांना कळवणं हे तर आहेच. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करता येत नाही. वकील करण्याची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. हेल्पलाइन १५१००.

परदेश प्रवासाचं. चेकच्या केसमध्ये वॉरंट निघालं म्हणून आपोआप लुकआऊट नोटीस, म्हणजे विमानतळावर अडवण्याची सूचना, लागत नाही. त्यासाठी कुठल्यातरी यंत्रणेने वेगळी विनंती करावी लागते आणि अशा केसमध्ये ती सहसा कुणी करत नाही. पण पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३)(एच) प्रमाणे वॉरंट किंवा समन्स असलेल्याचा पासपोर्ट जप्त करता येतो, आणि नूतनीकरणाच्या वेळी पोलीस पडताळणीत केस समोर येतेच. वॉरंट रद्द झालं तरी केस प्रलंबित असेपर्यंत नव्या पासपोर्टसाठी किंवा नूतनीकरणासाठी कोर्टाची परवानगी मागितली जाते. तुमचा पासपोर्ट चालू असेल तर आधी वॉरंट रद्द करा, मग जाण्यापूर्वी त्या काळातल्या तारखेसाठी हजेरी माफीचा अर्ज देऊन ठेवा. गेल्यावर नव्हे. आणि केस लांबून घोषणेपर्यंत, म्हणजे ‘अमुक तारखेला हजर व्हा’ अशी नोटीस घरावर चिकटवण्यापर्यंत गेली असेल, तर पुढे मिळकतजप्ती आहे आणि त्या घोषणेला न जुमानणं हा स्वतंत्र गुन्हा. मग अटकपूर्व जामिनाची आशाही फार धरू नये.

एक सावधगिरी. तुमच्याकडे पोलीस घरी आले, भावाशी बोलले, म्हणजे प्रकरण खरं असण्याची शक्यता जास्त. पण व्हॉट्सॲपवर शिक्क्याचं ‘वॉरंट’ येतं, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस बसतो आणि रद्द करायला पैसे मागतो, तेव्हा फोन ठेवायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं. वॉरंट पैसे पाठवून रद्द होत नाही, आणि डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. तसंच लोकअदालतीची नोटीस, ट्रॅफिक चलनाचा मेसेज किंवा महारेराचं बिल्डरवरचं वसुली वॉरंट यांचा अटकेच्या या वॉरंटशी संबंध नाही. पोटगी थकल्याचं वॉरंट मात्र वेगळ्या तऱ्हेने कडक असतं: तिथे नुसतं हजर राहून भागत नाही, थकबाकीतली काही रक्कम तरी भरावी लागते, नाहीतर दर थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. साक्षीदार, पंच म्हणून सही केलेले यांनाही वॉरंट येतं; त्यांनी हजर होऊन साक्ष दिली की त्यांचं काम संपतं, घाबरून लपण्याने वाढतं.

राहिली मूळ केस. वॉरंट रद्द होऊनही ती चालूच राहणार, आणि तारखा बुडवल्यात तर नवं वॉरंट निघणार. तुमचे पैसे भरून झालेत, तेव्हा त्या पत्राची प्रत जोडून कंपनीच्या कायदा खात्याला लेखी कळवा आणि फिर्यादीच्या वकिलाला थेट फोन करा. त्यांचं नाव, नंबर फाइलमधल्या वकीलपत्रावर आहे. त्यांनी तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दिली की कलम १४७ प्रमाणे केस मिटते. उशिरा मिटवलेल्या केसमध्ये कोर्ट चेकच्या रकमेच्या काही टक्के विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला सांगू शकतं, म्हणून जवळची लोकअदालत कधी आहे हे विचारून घ्या, तिथे हा खर्च बहुधा वाचतो. कंपनी टाळाटाळ करायला लागली तर पैसे भरल्याच्या बँक स्टेटमेंटसह तुम्हीच कोर्टात अर्ज द्या. आणि पहिल्याच तारखेला पत्ता बदलल्याची पुरसिस द्यायला विसरू नका: पुण्याचा पत्ता, मोबाईल नंबर, ई-मेल. नाहीतर पुढचा कागदही गावाकडेच जाईल.